लंडनचा पहिला दिवस आणि सव्वाचारचा सूर्यास्त

परदेशी सहलीची यादी बहुधा घरी बसून तयार होते, आणि घरी बसून केलेल्या यादीत दोन गोष्टींची नोंद नसते. एक शरीर आणि दुसरा सूर्य. कार्तिकी पौर्णिमा आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वऱ्हाडातून लंडनला गेलेल्या चार मित्रांच्या यादीत पहिल्याच दिवसासाठी अकरा स्थळे होती. यादी अमरावतीच्या कापड-व्यापाऱ्यांनी केली होती. उरलेल्या तिघांत एक परतवाड्याचे लाकूड-व्यापारी, एक चांदूरबाजारचे अडते आणि एक रिद्धपूरचे किराणा दुकानदार. चौघांनीही साठी ओलांडली होती, दुकानाच्या किल्ल्या मुलांकडे सोपविल्या होत्या, आणि सौभाग्यवतींना न घेता निघण्याचे धाडस आयुष्यात प्रथमच केले होते.

रिद्धपूरच्या गृहस्थांचा रात्रिभोजनत्याग बावीस वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. रोज संध्याकाळी चउविहाराचे पच्चक्खाण. गावी त्याची कधी अडचण पडली नाही. मोर्शी तालुक्यातल्या त्या गावात साडेपाचला दुकानावर मुलाला बसवून घरी जेवायला जाणे हा सर्वांच्या परिचयाचा शिरस्ता. उलट रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. श्रीगोविंदप्रभूंच्या या गावी व्रतस्थ माणसाकडे कोणी चमत्कारिक नजरेने पाहत नाही. परंतु अमरावतीकरांच्या यादीत पहिल्या रात्री आठ वाजता वेम्बलीला गुजराती थाळी लिहिलेली होती, आणि ती ओळ वाचल्यापासून रिद्धपूरचे गृहस्थ विमानात फारसे बोलले नव्हते. आपल्यापायी तिघांचा विरस होणार, ही बोच त्यांना व्रतापेक्षा जड झाली होती.

लंडन हे शहर मुंबईहून नव्हे, काश्मीरहूनही कितीतरी उत्तरेला आहे. त्याचा परिणाम नकाशावर कळत नाही, ताटावर कळतो. २१ जूनच्या सुमारास तेथे सूर्य पहाटे पावणेपाचला उगवून रात्री नऊ वाजून एकवीस मिनिटांच्या आसपास मावळतो. २१ डिसेंबरला तो सकाळी आठनंतर उगवतो आणि चार वाजण्यापूर्वीच जातो. उन्हाळ्यात चउविहार करणाऱ्याला तेथे रात्री नऊलाही जेवता येते, आणि हिवाळ्यात दुपारचा चहा घेता घेता वेळ संपते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्योदय सव्वासातच्या आसपास आणि सूर्यास्त सव्वाचारला. ज्या कुटुंबांत हे नियम पाळले जातात त्यांनी विमानाच्या तिकिटाचे दर पाहण्याआधी त्या महिन्याचा सूर्यास्त पाहावा, असे म्हणण्याइतका हा फरक मोठा आहे. पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हवामान असते, सूर्यास्त नसतो.

चौघे आदल्या संध्याकाळी हीथ्रोला उतरले. सीमाशुल्काच्या दारातून जाताना परतवाड्याच्या गृहस्थांच्या कपाळाला घाम होता, पण सामानात वावगे काही नव्हते. भारतातून दूध व दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. घरून निघताना सुनेने पेढ्यांचा डबा काढून ठेवला होता आणि खाखरा तेवढा ठेवला होता, म्हणून निभावले. पिकॅडिली मार्गाची गाडी विमानतळावरून थेट रसेल स्क्वेअरला जाते. फाटकावर बँकेचे कार्ड टेकवले की दार उघडते आणि दिवसभराच्या भाड्याला एक कमाल मर्यादा असते. त्यापुढे कितीही फिरा, पैसे लागत नाहीत. मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. एका कार्डावर चार माणसे जात नाहीत, हे चांदूरबाजारच्या अडत्यांना दुसऱ्यांदा कार्ड टेकवल्यावर तांबडा दिवा लागला तेव्हा समजले. सामायिक खर्चाची वही त्यांच्याकडे होती. त्यांनी त्या वहीत प्रवासभाड्याचा रकाना जागच्या जागी खोडला आणि ‘ज्याचे त्याने’ असे लिहिले.

पहाटे तीनला चौघेही जागे. वऱ्हाडात तेव्हा साडेआठ वाजले होते. पोटाला तेवढेच कळत होते. ब्रिटिश हॉटेलांत खोलीगणिक विजेची किटली ठेवलेली असते, त्यामुळे उकळलेल्या पाण्याचा प्रश्न, ज्याची घरी सर्वाधिक काळजी होती, तो बटण दाबताच मिटला. प्रश्न राहिला नवकारशीचा. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे आठ वाजून दोनतीन मिनिटे. पाच तास. परतवाडेकरांनी साडेतीनलाच खाखरे मोडले. रिद्धपूरचे गृहस्थ खिडकीशी माळ घेऊन बसले. बाहेर काळोख इतका दाट की हा देश सूर्य विसरला की काय असे वाटावे.

याच काळोखात वादाला तोंड फुटले. अमरावतीकरांनी प्रश्न टाकला तो थट्टेचा, पण त्यात हिशेबी माणसाला चक्रावणारे काहीतरी होते. “अगा, तुह्या गावचा सूर्य मावळतो पावणेसहाच्या आत. इथली तेव्हा सव्वाबाराही वाजलेली नसतात. मग जेवण इथल्या सूर्यानं का तिथल्या? तिथल्यानं धरलं तर दुपारचं ताटही गेलं!” चांदूरबाजारच्यांनी दुसरी बाजू मांडली. विमानाने पश्चिमेकडे जाताना दिवसच लांबतो, मग नियम कोणत्या घड्याळाला बांधायचा? रिद्धपूरच्यांचे उत्तर थोडके होते. नियम घड्याळाचा नाही, उजेडाचा आहे. ताटात काय पडले ते सूर्याच्या उजेडात दिसावे, जीवजंतूंची विराधना होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे. जेथे पाय, तेथला सूर्य. मग ते जरा थांबून म्हणाले, “तुम्ही तुमची यादी करा. मी चारला खोलीवर परत येईन. माझ्यासाठी कुणी थांबू नका.”

हे वाक्य ऐकायला सोपे वाटते. चाळीस वर्षांची मैत्री असलेल्या चौघांत पहिल्याच दिवशी असे वाक्य उच्चारले जाते तेव्हा पुढचे आठ दिवस कसे जाणार हे ठरून जाते. सहलीत मित्र दुरावतात ते पैशाने क्वचित, वेळापत्रकाने अधिक. त्या घटकेला कोणी काही बोलले नाही.

दहाला ब्रिटिश म्युझियमचे दार उघडते. १७५३ साली कायद्याने स्थापन झालेले आणि १७५९ पासून लोकांसाठी खुले असलेले हे संग्रहालय पाहायला आजही पैसे पडत नाहीत; खास प्रदर्शनांचे तिकीट तेवढे वेगळे. चांदूरबाजारच्यांनी दोनदा विचारून खात्री केली. सगळे संग्रहालय पाहू म्हणणारा माणूस काहीच पाहत नाही, म्हणून तेहतीस क्रमांकाचे दालन, जेथे चीन आणि दक्षिण आशियाच्या वस्तू आहेत, तेवढेच पाहायचे असे ठरले. त्याच्या बाजूच्या दालनावर नाव होते ‘अमरावती’. ते वाचताच अमरावतीच्या गृहस्थांची छाती फुगली, त्यांनी नावाच्या पाटीखाली उभे राहून तीन छायाचित्रे काढवून घेतली आणि ती घरी पाठविलीही. आत गेल्यावर उलगडा झाला. ही अमरावती वऱ्हाडातली नव्हे. आंध्रात कृष्णेच्या काठची. तेथील बौद्ध स्तूपाच्या कोरीव शिळा वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने १८४५ साली खणून काढल्या आणि त्या पुढे लंडनला आल्या. दगड फिकट, नक्षी इतकी नाजूक की हस्तिदंताची वाटावी. पाटीचे छायाचित्र मात्र तोवर अमरावतीच्या अर्ध्या कापडबाजारात पोहोचले होते, आणि अभिनंदनाचे संदेश दुपारपर्यंत येत राहिले. खुलासा करण्याचे त्यांनी टाळले.

खरा गावचा धागा पलीकडच्या दालनात होता. तेथे संगमरवराची एक उभी देवी आहे. माळव्यातील धारची, संवत १०९१ची, म्हणजे इसवी सन १०३४ची. पुष्कळ काळ तिला सरस्वती म्हणून ओळखत. तिच्या पायाशी जो लेख आहे त्याच्या वाचनानुसार वररुची नावाच्या व्यक्तीने आधी वाग्देवी, मग जिनमूर्ती आणि त्यानंतर ही अंबिका करविली. अंबिका म्हणजे बाविसाव्या तीर्थंकर नेमिनाथांची शासनदेवी. लेखात शिल्पकाराचे नावही आहे, मणथल. भोजराजाच्या राजधानीतल्या एका कारागिराचे नाव हजार वर्षे दगडावर टिकले. देवीचे हात भंगले आहेत, चेहरा शांत आहे. संग्रहालयाच्या संग्रहात ओडिशाची एक शिळाही आहे, तिच्यात ऋषभनाथ आणि महावीर, पहिले आणि शेवटचे तीर्थंकर, शेजारी शेजारी उभे आहेत.

रिद्धपूरच्या गृहस्थांनी हात जोडले. पहारेकरी बाईंनी पाहिले आणि दुसरीकडे तोंड वळविले. अमरावतीकर, ज्यांच्या गावची ग्रामदेवता अंबादेवी, ते या वेळी पाटी न शोधता उभे राहिले. परतवाडेकरांना मात्र राग आला. देव घरून उचलून आणायचे आणि वर फुकट दाखवतो म्हणायचे, हे त्यांना पटेना. चांदूरबाजारच्यांचे म्हणणे निराळे. ठेवले म्हणून दिसले. गावोगावच्या किती मूर्ती चुनखडीच्या भट्टीत गेल्या त्याची मोजदाद कोणी ठेवली आहे काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि हा वाद त्या दालनात रोज कोणत्या तरी भारतीय भाषेत चालत असणार. दरम्यान त्यांच्या खिशातला फोन वाजत होता. इकडे साडेदहा, तिकडे चार. मुलाला कापसाच्या बोलीबद्दल विचारायचे होते. अडत्यांनी अंबिकेसमोर उभे राहून भाव सांगितला.

चहाच्या दुकानात यंत्राने विचारले, पैसे पौंडांत घ्यायचे की रुपयांत? रुपये पाहून माणसाला हायसे वाटते, आणि त्याच हायसेपणाचा तो दर असतो. रुपये निवडले की बदलाचा भाव दुकानाचे यंत्र लावते, आणि तो बहुधा महाग पडतो. पौंड निवडले की आपल्या बँकेचा भाव लागतो. परदेशात कार्ड वापरणाऱ्याने नेहमी तेथील चलनच निवडावे. परतवाडेकरांनी रुपये दाबले, अडत्यांनी पौंड, आणि रात्री दोन्ही संदेश शेजारी ठेवून फरक वहीत उतरविण्यात आला.

संग्रहालयाच्या मागच्या दाराने बाहेर पडले की पाच मिनिटांवर सोआस ही पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांची संस्था आहे. अमरावतीकरांच्या यादीत ती नव्हती. कोणाच्याच यादीत नसते. रिद्धपूरच्यांनी तेथे नेण्याचा आग्रह धरला. इयन रेसाइड नावाचे इंग्रज विद्वान येथे मराठी व गुजराती शिकवीत. त्यांनी १९६० साली महानुभाव ग्रंथांची एक मोठी सूची प्रसिद्ध केली, आणि पुढे महानुभावांच्या सकळ लिपीवरही लिहिले. ही लिपी म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून तयार केलेली कुलुपबंद मराठी. शतकानुशतके पंथाबाहेरच्या माणसाला ती वाचता येत नसे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती उलगडू लागली तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे सरकला. म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे संकलन केले ते रिद्धपुरात, तेराव्या शतकात. तेथेच आता २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले आहे. ज्या गावाला जाणारी एस.टी. पुष्कळांना माहीत नाही, त्या गावची पोथी वाचायला एक माणूस या इमारतीत आयुष्य घालवितो, हे रिद्धपूरच्या किराणा दुकानदाराला ठाऊक होते. बरोबरच्या तिघांना नव्हते. आत जाण्याचे प्रयोजन नव्हते. चौघे दाराबाहेर उभे राहिले. आवारात तिरुवल्लुवरांचा पुतळा आहे, ज्यांना काही अभ्यासक जैन मानतात, त्यालाही त्यांनी पाहून घेतले.

पुढे टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये झाडांखाली गांधीजी बसलेले आहेत. हा पुतळा १९६८ सालचा. लंडनमधल्या पहिल्या दिवसाची जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांत गांधीजींनी आत्मकथेत केलेले वर्णन जैन वाचकाला विशेष जवळचे वाटावे. १८८८च्या सप्टेंबरअखेर अठरा वर्षांचा तरुण पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात उतरला. सगळ्या गर्दीत पांढरे कपडे त्याचे एकट्याचे. सामान आणि किल्ल्या कंपनीच्या माणसाकडे गेलेल्या, त्यामुळे बदलायला काही नाही. बरोबर जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार. दोघे व्हिक्टोरिया हॉटेलात गेले. संध्याकाळी भेटायला आले डॉ. प्राणजीवन मेहता, मोरबीचे जैन. तरुणाने त्यांची रेशमी टोपी उचलून उलटा हात फिरविला आणि तिची लव विस्कटली. मेहतांनी त्याला तेथेच धडा दिला : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, उगाच मोठ्याने बोलू नये. पुढे हॉटेल सोडताना बिल आले तीन पौंडांचे, आणि पोटात जवळपास काहीच गेले नव्हते. मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ त्याला निघताना दिली होती बेचरजी स्वामींनी, जे जैन साधू झालेले होते. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडेपर्यंत तो रोज दहाबारा मैल चालत असे.

“तीन पौंड,” चांदूरबाजारचे म्हणाले, “त्या काळचे!”

अडीच वाजत आले होते. यादीप्रमाणे आता नदीवर नौकाविहार होता. अमरावतीकरांनी कागद काढला, पुतळ्याकडे पाहिले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, “आधी जेवू. सगळेच.” रिद्धपूरच्यांनी नको नको म्हटले. परतवाडेकर त्यांना दंडाला धरून चालू लागले.

युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी खाणावळी आहेत. तेथे ‘जैन’ हा शब्द कळतो, तरी विचारावे ते पदार्थागणिक : भाजीत कांदा आहे काय, सांबारात मुळा आहे काय, वड्यात बटाटा आहे काय. नुसते ‘जैन जेवण’ म्हटले की काही ठिकाणी कांदा-लसूण काढतात आणि बटाटा ठेवतात. पावणेचारपर्यंत चौघांचे जेवण चालले होते. शेजारच्या मेजावरच्या कोणी तरुणांना एवढ्या अवेळी चार म्हातारे इतक्या गंभीरपणे का जेवतात याचे नवल वाटत असावे.

खाण्याचा नियम घेऊन लंडनला गेलेले मराठी बोलणारे हे काही पहिले नव्हेत. रघुनाथराव पेशव्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला विलायतेस पाठविले होते; १७८१ साली ते लंडनला होते, बरोबर पारशी सहकारी. सोवळ्याने स्वयंपाक करायला शहरात जागा मिळेना. तेव्हा एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर मोकळे करून दिले. झाडांसाठी बांधलेल्या त्या काचघरात त्यांची स्नानसंध्या आणि चूल चाले. परतल्यावर समुद्रपर्यटनाचे प्रायश्चित्त त्यांना घ्यावे लागले ते लागलेच. नियम पाळणाऱ्यापेक्षा त्याला जागा करून देणाऱ्याचे नाव अशा प्रसंगी अधिक लक्षात राहते. बर्कच्या भाषणांतले फारसे कोणी आज वाचत नाही. काचघराची गोष्ट मात्र सांगितली जाते.

चार वाजून दहा मिनिटांनी रिद्धपूरच्या गृहस्थांनी किटलीतून बाटलीत भरून आणलेले पाणी संपविले आणि रस्त्याच्या कडेला, विटांच्या भिंतीशी उभे राहून पच्चक्खाण घेतले. आता दिवस संपला होता आणि संध्याकाळ अख्खी उरली होती. खोलीवर परतण्याचा विषय निघाला नाही.

वेस्टमिन्स्टरच्या पुलावर ते पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. नदीवर दोन्ही काठांचे दिवे हलत होते, वारा हाडात शिरणारा. अमरावतीकरांनी यादीतल्या उरलेल्या स्थळांपैकी निदान चार त्या एका जागेवरून दिसतात असे सिद्ध केले : पार्लमेंट, घड्याळाचा मनोरा, पलीकडचे मोठे चक्र, आणि लांबवर एक शिखर, जे त्यांच्या मते सेंट पॉलचे होते आणि परतवाडेकरांच्या मते नव्हते. पाचचे ठोके पडले. १८५९ पासून वाजणारी ती घंटा ऐकायला पुलावर लोक थांबतात, तसे हेही थांबले. वऱ्हाडात साडेदहा झाले होते. परतवाडेकरांना कागदी पुड्यात भाजलेले चेस्टनट विकणारा दिसला. त्यांनी खिशात हात घातला, रिद्धपूरच्यांकडे पाहिले आणि हात काढला. त्यावर रिद्धपूरचेच म्हणाले, “घ्या की. वास तर मलाही चांगला येतोय, त्याला काही बाधा नाही.” पुडा एकच घेतला गेला. अडत्यांनी तो सामायिक खर्चात धरायचा की तिघांत, असे विचारले. त्यावर बरीच चर्चा झाली.

परतीला दुमजली बस घेतली, वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी. शहर दोन्ही बाजूंनी उजळून येत होते. अमरावतीकर बोटाने दाखवीत सांगत होते, हे ट्रफाल्गर स्क्वेअर, तो नेल्सन. मागून दाद येईना म्हणून त्यांनी वळून पाहिले तर तिघेही माना टाकून झोपले होते. रिद्धपूरच्यांचे डोके परतवाडेकरांच्या खांद्यावर. त्यांनी स्वतःही पाचच मिनिटे डोळे मिटायचे ठरविले. रसेल स्क्वेअरचा थांबा मागे पडून बरेच अंतर झाले होते तेव्हा चालकाने वर येऊन चौघांना उठविले.